शिक्षणातील मधले वर्ष

मृग नक्षत्र तोंडावर आले की परभणी जिल्ह्यातील खेड्यापाड्यांत दोन विषयांची चर्चा रंगते. एक बियाण्याची आणि दुसरी निकालाची. शेतकऱ्याला चिंता असते ती सोयाबीन उगवेल की नाही याची, आणि त्याच घरात दहावी-बारावीचा निकाल हाती घेऊन बसलेल्या मुलाला चिंता असते ती आपले पुढे काय याची. ज्यांना हवे तेथे प्रवेश मिळतो त्यांचा प्रश्न सुटतो. परंतु प्रत्येक गावात अशी काही मुले-मुली उरतात की ज्यांचे नाव त्या वर्षी कोणत्याही शाळेच्या किंवा महाविद्यालयाच्या हजेरीपटावर नसते. गाव त्यांच्याविषयी तीनच शब्द बोलते : ‘वर्ष वाया गेले.’

हे तीन शब्द खरे ठरतात की खोटे, हे पुढील बारा महिन्यांत काय घडते त्यावर अवलंबून असते. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

पाश्चात्त्य देशांत शाळा संपल्यावर व विद्यापीठात जाण्यापूर्वी एक वर्ष प्रवासात किंवा स्वयंसेवेत घालविण्याची प्रथा आहे. तिला ‘गॅप इयर’ म्हणतात. आपल्याकडेही ‘गॅप’ हा शब्द आता प्रवेशअर्जांतून गावोगाव पोहोचला आहे. मात्र शब्द एक असला तरी परिस्थिती एक नाही. तिकडील तरुण हे वर्ष स्वतः निवडतो. आपल्याकडे ते बहुधा अंगावर येते. एखादा विद्यार्थी परीक्षेत अनुत्तीर्ण होतो. एखाद्याला वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत थोडे गुण कमी पडतात आणि तो लातूर किंवा नांदेड येथे पुन्हा तयारीस बसतो. एखाद्याच्या घरी पाऊस चुकल्यामुळे फी भरण्याची ऐपत राहत नाही. कोणी आजारी पडते, कोणाचे वडील आजारी पडतात. गंगाखेड, पालम, सोनपेठ या डोंगरपट्ट्यातील काही कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी बाहेर पडतात आणि त्यांच्याबरोबर मुलांचे शिक्षणही बैलगाडीत बसून निघून जाते. मुलींच्या बाबतीत कारण पुष्कळदा याहूनही साधे असते : कॉलेज लांब आहे आणि एस.टी.ची वेळ सोयीची नाही.

या सर्वांना एकच उपदेश करणे योग्य होणार नाही. प्रवेशपरीक्षेसाठी पुन्हा बसलेला विद्यार्थी आणि ऊसतोडीला गेलेली मुलगी यांच्या वर्षात नावाखेरीज काहीच समान नाही. एक गोष्ट मात्र सर्वांना लागू आहे. शिक्षणाचा धागा सैल झाला तर पुन्हा ताणता येतो. तो एकदा तुटला की गाठ मारणे कठीण जाते.

सक्तीच्या वर्षाची एक योजना

आजच्या वाचकांस कदाचित नवल वाटेल, परंतु शाळा आणि महाविद्यालय यांच्या मध्ये एक वर्ष ठेवावे, एवढेच नव्हे तर ते सक्तीचे करावे, अशी शिफारस आपल्या देशात अधिकृतपणे झाली होती. केंद्र शासनाने १९५९ साली राष्ट्रीय सेवेसंबंधी एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते डॉ. चिंतामणराव देशमुख. रायगड जिल्ह्यातील महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले चिंतामणराव रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर व पुढे केंद्रीय अर्थमंत्री म्हणून सर्वांस परिचित आहेत. त्या वेळी ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. माध्यमिक शिक्षण संपवून महाविद्यालयात जाऊ इच्छिणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने नऊ महिने ते एक वर्ष राष्ट्रीय सेवेत घालवावे, असे या समितीने सुचविले. त्या वर्षात काही लष्करी शिक्षण, समाजसेवा, अंगमेहनत व सामान्य ज्ञान यांचा समावेश व्हावयाचा होता.

योजना अमलात आली नाही. खर्च फार होता आणि एवढ्या मुलांची व्यवस्था करणे अवघड होते. त्यानंतर प्रा. के. जी. सय्यदैन यांनी इतर देशांतील युवकसेवेचा अभ्यास करून ती ऐच्छिक असावी असे मत दिले. कोठारी आयोगाने (१९६४-६६) सेवा ही शिक्षणाच्या सोबतच चालावी असे सांगितले. अखेर महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, राष्ट्रीय सेवा योजना ३७ विद्यापीठांतून सुमारे ४०,००० विद्यार्थ्यांसह सुरू झाली. पुढे १९७२-७३ चा भीषण दुष्काळ महाराष्ट्रावर, विशेषतः मराठवाड्यावर, कोसळला. १९७३ साली या योजनेच्या शिबिरांचा विषयच ‘दुष्काळाविरुद्ध युवक’ असा होता.

सक्तीचे वर्ष आले नाही हे बरेच झाले, असे आमचे मत आहे. गरीब घरातील मुलाचे कमावते होण्याचे वय त्यामुळे आणखी एक वर्ष लांबले असते. तथापि, चिंतामणरावांच्या समितीने त्या वर्षात कोणत्या गोष्टी घातल्या होत्या हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. शरीराचे श्रम, लोकांचे काम आणि थोडा अभ्यास, या तिन्हींचा तेथे मेळ होता. ज्याच्यावर असे वर्ष आज आपोआप येते त्याच्यासाठी याहून चांगला आराखडा शोधून सापडणार नाही.

इतर देशांनी हा प्रश्न आपापल्या परीने सोडविला. इथिओपियात १९६४ पासून विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना पदवीपूर्वी एक वर्ष ग्रामीण भागात, मुख्यतः शिक्षक म्हणून, काम करावे लागत असे. आयर्लंडमध्ये १९७४ साली माध्यमिक शिक्षणाच्या दोन टप्प्यांमध्ये परीक्षेचे ओझे नसलेले एक ‘संक्रमण वर्ष’ सुरू करण्यात आले. डेन्मार्कमधील लोकविद्यालयांची परंपरा तर १८४४ पासूनची असून तेथे शेतकऱ्यांची तरुण मुले हिवाळ्यात, शेतीची कामे थंडावली की, राहावयास येत व परीक्षेशिवाय शिकत.

लंडनचा अभ्यास थांबला तेव्हा

मधल्या वर्षांचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्याच महाराष्ट्रातील आहे. भीमराव रामजी आंबेडकर १९१६ साली अमेरिकेतून लंडनला गेले. तेथील अर्थशास्त्राच्या संस्थेत त्यांचा अभ्यास सुरू झाला, पण बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ च्या उन्हाळ्यात त्यांना परतावे लागले. निघण्यापूर्वी त्यांनी एक गोष्ट केली. अभ्यास चार वर्षांच्या आत पुन्हा सुरू करण्याची परवानगी त्यांनी विद्यापीठाकडून मिळवून ठेवली. बडोद्याच्या नोकरीत त्यांना अस्पृश्यतेचे चटके बसले व राहावयास जागाही मिळेना. ते मुंबईस परतले. शिकवण्या करून पाहिल्या, गुंतवणुकीविषयी सल्ला देण्याचा व्यवसाय करून पाहिला. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम महाविद्यालयात ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले व मार्च १९२० पर्यंत तेथे राहिले.

या तीन वर्षांत हातून काय झाले याची नोंद पाहण्यासारखी आहे. भारतातील लहान लहान शेततुकड्यांच्या प्रश्नावर त्यांनी १९१८ साली लिहिलेला निबंध आजही अभ्यासकांना वाचावा लागतो. १९१९ मध्ये मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीपुढे त्यांनी साक्ष दिली. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ पाक्षिकाचा पहिला अंक निघाला. आणि हे करीत असताना पगारातून पैसे साठविणे चालूच होते. त्यात कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत व एका मित्राचे कर्ज यांची भर पडून १९२० च्या उन्हाळ्यात ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ मध्ये एम.एस्सी. व १९२३ मध्ये डी.एस्सी. या पदव्या त्यांनी संपादन केल्या.

असामान्य पुरुषाचा दाखला सामान्य विद्यार्थ्यास देऊ नये, असा आक्षेप येथे घेतला जाईल. परंतु या हकीकतीतील एक बाब अगदी सामान्य आहे आणि ती कोणालाही करता येण्यासारखी आहे. त्यांनी जाण्यापूर्वी परतीचा दरवाजा उघडा ठेवला आणि त्याची मुदत लेखी घेतली. आमच्या खेड्यातील शिक्षण सोडणारा मुलगा नेमके हेच करीत नाही.

मराठवाड्याची पिढी

मराठवाड्याला खंडित शिक्षणाचा अनुभव इतरांपेक्षा अधिक आहे. निजामी राजवटीत परभणीच्या विद्यार्थ्याला उच्च शिक्षणासाठी औरंगाबाद किंवा हैदराबाद गाठावे लागे. १९३८ च्या अखेरीस हैदराबाद संस्थानातील वसतिगृहांतून ‘वंदे मातरम्’ म्हणण्यास बंदी झाली. विद्यार्थ्यांनी ती मानली नाही व उस्मानिया विद्यापीठातून अनेकांना काढून टाकण्यात आले. नागपूर विद्यापीठाने त्यांना दार उघडले नसते तर कित्येकांचे शिक्षण तेथेच संपले असते. पुढे भारताचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांपैकी एक. १९४७-४८ च्या मुक्तिसंग्रामात पुन्हा असंख्य विद्यार्थ्यांनी शाळा-महाविद्यालये सोडली. १७ सप्टेंबर १९४८ नंतर त्यांतील बरेच जण परत वर्गात आले. काही आले नाहीत.

याच पिढीतील एक मुलगा कुरुंदा गावचा. वसमत तालुक्यातील हे गाव त्या वेळी परभणी जिल्ह्यात होते. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाल्यापासून ते त्या जिल्ह्यात आहे. १५ जुलै १९३२ रोजी जन्मलेल्या या मुलाचे नाव नरहर अंबादास कुरुंदकर. शिक्षणासाठी तो हैदराबादला, मराठीचे प्राध्यापक असलेले मामा डॉ. ना. गो. नांदापूरकर यांच्याकडे गेला. मॅट्रिक झाला, परंतु इंटरच्या परीक्षेत त्याला पुन्हा पुन्हा अपयश आले. लौकिक भाषेत त्याची एक नव्हे, अनेक वर्षे वाया गेली. पण या वर्षांत त्याने वाचन सोडले नाही. इतिहास, तत्त्वज्ञान, संगीत, नाट्यशास्त्र, राज्यघटना यांपैकी कशालाही ‘हे आपल्या अभ्यासक्रमात नाही’ असे तो म्हणाला नाही. १९५५ पासून नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेत त्याने शिक्षकाची नोकरी केली, ती करीत पदव्या घेतल्या, १९६३ मध्ये तेथीलच पीपल्स कॉलेजात मराठीचा प्राध्यापक झाला व १९७७ मध्ये त्याच महाविद्यालयाचा प्राचार्य. १० फेब्रुवारी १९८२ रोजी औरंगाबाद येथे व्यासपीठावरच त्यांचे निधन झाले तेव्हा ते महाराष्ट्रातील अग्रगण्य विचारवंतांत गणले जात होते.

कुरुंदकर गुरुजींच्या उदाहरणाचा एक गैरअर्थ काढला जातो. नापास होण्यात काही बिघडत नाही, असा. तो बरोबर नाही. त्यांच्याजवळ मामांचे पुस्तकांनी भरलेले घर होते, विद्वानांची संगत होती. ज्याच्या घरात एकही पुस्तक नाही त्या मुलाला मोकळे वर्ष मिळाले आणि गावात वाचनालय नसले, तर ते वर्ष पारावर जाते.

परभणीचेच दुसरे उदाहरण कवी बी. रघुनाथ यांचे. मॅट्रिकनंतर गरिबीमुळे त्यांचे शिक्षण थांबले ते कायमचे. निजामी राज्याच्या बांधकाम खात्यात त्यांनी कारकुनी पत्करली आणि ती करीत असताना कविता, कथा व ‘आडगावचे चौधरी’सारख्या कादंबऱ्या लिहिल्या. ७ सप्टेंबर १९५३ रोजी वयाच्या चाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांना एखादे वर्ष थांबून पुन्हा शिकता आले असते तर काय झाले असते, या प्रश्नाला उत्तर नाही. पण तशी सोय तेव्हा नव्हती आणि आज ती आहे, एवढे निश्चित सांगता येते.

आधी कागद, मग बाकीचे

ती सोय कोणती, हे गावात माहीत असणे आवश्यक आहे.

प्रथम, वर्ष खरोखरच गेले आहे काय हे पाहावे. दहावीत एक किंवा दोन विषय राहिले तर विद्यार्थ्याला अकरावीत ए.टी.के.टी.ने प्रवेश घेता येतो. राहिलेल्या विषयांसाठी मंडळाची पुरवणी परीक्षा निकालानंतर थोड्याच आठवड्यांत होते व ती उत्तीर्ण झाल्यास त्याच वर्षी पुढील प्रवेश मिळण्याची शक्यता असते. पुष्कळ पालक निकालाच्या दिवशीच मुलाला घरी बसवितात आणि पुरवणीच्या अर्जाची तारीख निघून जाते. येथे शिक्षकाने घरी जाऊन सांगितलेले एक वाक्य संपूर्ण वर्ष वाचवू शकते.

शाळेतून नाव पूर्वीच कमी झालेले असेल तर ‘सतरा नंबरचा फॉर्म’ भरून खासगी विद्यार्थी म्हणून दहावी किंवा बारावीस बसता येते. त्यास वय, पूर्वीचे शिक्षण व अंतर यांच्या अटी आहेत आणि शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो. हा दाखला हरवला की पुढील सर्व कामे अडतात, म्हणून तो पत्र्याच्या पेटीत, जमिनीच्या कागदांसोबत, ठेवावा. पदवीच्या पातळीवर १९८९ साली नाशिक येथे स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पदवीचा पहिला वर्षभराचा भाग पूर्ण करून बाहेर पडणाऱ्यास प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, आणि मिळविलेले श्रेयांक जमा ठेवून तीन वर्षांच्या आत परत येण्याची मुभा, अशी तरतूद करण्यात आली आहे. डॉ. आंबेडकरांना जी परवानगी खास मागून घ्यावी लागली ती आता नियमातच आली, असे म्हणण्यास हरकत नाही.

पुढील वर्षी प्रवेश घेताना खंडाचे कारण सांगणारे प्रतिज्ञापत्र मागितले जाते. त्यात खरे कारण लिहावे. अनुत्तीर्ण होणे, आजारपण, घरची अडचण, यांपैकी काहीही लाजिरवाणे नाही. काही शिष्यवृत्तींच्या नियमांत शिक्षणातील खंडाविषयी अटी असतात. त्या वर्ष सुरू होण्यापूर्वी वाचाव्यात, संपल्यावर नव्हे.

पुन्हा परीक्षा देणाऱ्यांविषयी

वैद्यकीय किंवा अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षेसाठी वर्ष राखून ठेवणाऱ्यांची संख्या आपल्या भागात लक्षणीय आहे. त्यासाठी जमीन गहाण पडल्याच्याही गोष्टी कानी येतात. अभियांत्रिकीची राष्ट्रीय परीक्षा बारावीच्या वर्षापासून लागोपाठ तीन वर्षे देता येते. वैद्यकीय परीक्षेला संधींची मर्यादा नाही. मर्यादा नसणे ही सवलत वाटते, पण कित्येकदा तोच सापळा ठरतो. पहिल्या प्रयत्नात थोडे गुण कमी पडलेला विद्यार्थी दुसऱ्यांदा बसला तर ते समजण्यासारखे आहे. मात्र तिसऱ्या वर्षासाठी कर्ज काढण्यापूर्वी पित्याने एखाद्या तटस्थ शिक्षकाला मुलाच्या दोन्ही गुणपत्रिका दाखवाव्यात. शिकवणीवर्गाच्या कार्यालयात हा सल्ला मिळणार नाही.

रानातील प्रयोगशाळा

ज्या मुलाला गावातच राहावयाचे आहे त्याच्या हाताशी परभणीसारखा जिल्हा आहे, हे भाग्यच म्हटले पाहिजे. १८ मे १९७२ रोजी येथे मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले. २०१३ पासून ते वसंतराव नाईक यांच्या नावाने ओळखले जाते. ‘परभणी क्रांती’ ही केवडा रोगास दाद न देणारी भेंडी आणि ‘परभणी मोती’ ही ज्वारी याच आवारातून शेतकऱ्यांकडे गेली. स्थापनादिनी खरिपाचा आणि १७ सप्टेंबरला रब्बीचा मेळावा भरतो. तेथे जाण्यास कोणत्याही गुणपत्रिकेची गरज नाही.

कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षातील विद्यार्थी गावात राहून ग्रामीण कार्यानुभव घेतात. लोक त्यांना कृषीदूत व कृषीकन्या म्हणतात. गावातील मोकळ्या विद्यार्थ्याने त्यांच्याबरोबर चार दिवस फिरावे. त्यांना गावाची ओळख हवी असते, याला शास्त्राची.

उदाहरणादाखल एकच काम सांगतो. सोयाबीनचे बियाणे शेतकरी घरचेच राखून ठेवतो आणि ते उगवले नाही तर दुबार पेरणीचा खर्च अंगावर येतो. उगवणशक्तीची तपासणी मात्र दहावीचा विद्यार्थी सहज करू शकतो. गोणपाटाचा तुकडा भिजवून पसरावा. त्यावर पोत्यातील निरनिराळ्या थरांतून घेतलेले शंभर दाणे दहा-दहाच्या ओळींत ठेवावेत. वर दुसरा ओला तुकडा घालून हलक्या हाताने गुंडाळी करावी व ती सावलीत ठेवून रोज पाणी शिंपडावे. सहा-सात दिवसांनी उलगडून चांगले कोंब आलेले दाणे मोजावेत. सत्तर किंवा अधिक निघाले तर एकरी तीस किलो या नेहमीच्या प्रमाणाने पेरावे. साठ-पासष्ट निघाले तर त्या मानाने बियाणे वाढवावे. त्याहून फार कमी असतील तर ते बियाणे पेरू नये. मे महिन्यात एका विद्यार्थ्याने गल्लीतील वीस घरांची अशी तपासणी करून वहीत नोंद ठेवली, तर टक्केवारी, सरासरी व नमुना निवडण्याची पद्धत या तिन्ही गोष्टी त्याला गणिताच्या पुस्तकापेक्षा पक्क्या समजतील. आणि गावात त्याला ‘नापास’ म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही.

२०२१ पासून पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः भ्रमणध्वनीवरून करावयाची ई-पीक पाहणी सुरू झाली. वयस्क शेतकऱ्यांना ती जमत नाही आणि नोंद राहिली की पुढे अडचण येते. हेही अशा तरुणाच्याच हातचे काम आहे. हिशेब मात्र हवा : कोणाच्या गटाची नोंद केली, कोणत्या तारखेला केली, हे लिहून ठेवले तरच ते शिक्षण होते. नाहीतर ती नुसती उस्तवार.

शेतीची आवड नसलेल्यास औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत संधाता (वेल्डिंग), नळकाम, शिवणकाम, संगणक यांसारखे एक वर्षाचे अभ्यासक्रम आहेत. नेमके एक वर्ष हाती असलेल्यास ते सोयीचे पडतात. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यान्वये कारखान्यात विद्यावेतनावर काम शिकता येते. मराठी-इंग्रजी टंकलेखनाची शासकीय परीक्षाही याच वर्षात उरकून घेण्यासारखी आहे, कारण पुढे लिपिकाच्या पदासाठी ती लागते.

मुलींचे वर्ष

आता थोडे अप्रिय. मुलाचे वर्ष गेले तर तो पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज भरतो. मुलीचे वर्ष गेले तर घरी स्थळे येऊ लागतात. शिक्षणात पडलेला एक वर्षाचा खंड आणि लवकर उरकलेले लग्न यांचे नाते आपल्या भागातील प्रत्येक मुख्याध्यापकाला ठाऊक आहे, मग ते अहवालात येवो अथवा न येवो. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने मुलीचे वय अठरा पूर्ण होण्यापूर्वी विवाह करणे हा गुन्हा ठरविला असून गावपातळीवर ग्रामसेवक हे प्रतिबंध अधिकारी आहेत. परंतु कायदा बोलावण्याची वेळ येण्यापूर्वीच मुलगी कोणत्या ना कोणत्या हजेरीपटावर असेल तर निम्मे काम झालेले असते. सतरा नंबरचा फॉर्म, मुक्त विद्यापीठ, शिवणकामाचा वर्ग, काहीही चालेल. ‘मुलगी शिकत आहे’ हे उत्तर पाहुण्यांना देता आले पाहिजे. २०२४ च्या शासननिर्णयाने वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या विविध प्रवर्गांतील कुटुंबांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण माफी देण्यात आली. ही गोष्ट पालकांना त्या एका वर्षात कळली तर ती मुलगी पुढच्या जूनमध्ये अर्ज भरेल.

पंचायतीची वही

स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे. आई-वडील कोयता घेऊन गेले तरी मुले गावातच राहून शाळेत जावीत हा तिचा उद्देश. तिचे यश गावात किती कुटुंबे जाणार याची यादी दिवाळीपूर्वी तयार आहे की नाही यावर ठरते. टोळी निघून गेल्यावर केलेल्या यादीचा उपयोग नसतो.

तशीच यादी मधल्या वर्षातील विद्यार्थ्यांची करता येईल. ग्रामपंचायतीने एक वही घालावी. गावातील चौदा ते वीस वयाचे कोण या वर्षी कोठेच शिकत नाही, त्याचे कारण काय, त्याचा दाखला कोठे आहे आणि पुढील अर्जाची तारीख कोणती, एवढे चार रकाने पुरेत. मुख्याध्यापक, अंगणवाडी सेविका आणि ग्रामसेवक एका दुपारी एकत्र बसले तर वही भरते. सार्वजनिक वाचनालय असेल तर तेथील सकाळचे दोन तास या मुलांसाठी राखून ठेवावेत. नसेल तर शाळेच्या कपाटातील पुस्तके सुटीतही बाहेर काढावीत. या वहीचे वाचन करण्यास १५ ऑगस्टची ग्रामसभा सोयीची आहे. पेरण्या व पहिली खुरपणी आटोपलेली असते, पुरवणी परीक्षेचा निकाल बहुधा लागलेला असतो आणि कोयता घेऊन टोळ्या निघण्यास अजून अवकाश असतो.